नळ सोडा, मग काटा बघा

३ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. खोकं नीट उघडा, आत दोन डब्या आहेत आणि त्यातली एक इतकी लहान आहे की कागदांबरोबर कचऱ्यात जाईल. ही काडेपेटीएवढी पांढरी डबी दाराच्या चौकटीला चिकटवायची, तिच्या जोडीचं लोहचुंबक दाराच्या फळीला, दोन्ही समोरासमोर. मोठी डबी तुमच्या उशाशी, प्लगमध्ये. आप्पांनी दार उघडलं की लहान डबी बिनतारी निरोप पाठवते आणि मोठी वाजते. आवाज मुद्दाम फोनसारखा ठेवलेला नाही.

फोनची भानगड दादाने सांगितली. घंटी ऐकली की आप्पांना वाटतं, कुठल्या तरी गल्लीत पाणी आलं नाही म्हणून तक्रार आलीय, आणि ते निघतात. एकतीस वर्षं ज्या माणसाने व्हॉल्व्हमन म्हणून पहाटे पाचला उठून अख्ख्या वॉर्डाचं पाणी सोडलं, त्याला आपण निवृत्त झालोय हे आता कोण पटवणार? तुम्ही घरातले फोन मुके करून ठेवलेत ते उत्तम केलंत. शिवाय दोन खोल्यांच्या घरात फोनवर त्यांच्याच समोर त्यांच्याविषयी बोलायचं तरी कसं. त्यापेक्षा हे पत्र बरं.

लहान डबीत घड्याळात असतो तसा बटन सेल आहे. दोन वर्षं तिच्याकडे बघावं लागणार नाही. आमच्या कारखान्यात याच डब्या गोदामांच्या दारांना लावायला बनवतो, पण तुमच्या डबीवर मी स्वतः महिनाभर बसलोय, थेंब थेंब वीज वाचवलीय. लावा आणि विसरून जा.

उन्हाळ्यात येतोच आहे. या वेळी नक्की.

तुमचा धाकटा दीर


२१ नोव्हेंबर

भाऊजी,

डबी लावली. पहिल्या दिवशी सतरा वेळा वाजली, त्यातल्या पंधरा वेळा तुमचे दादा. डॉक्टरांनी सिगारेट सोडायला सांगितल्यापासून ते दर अर्ध्या तासाने "जरा हवा खाऊन येतो" म्हणतात. आता त्यांच्या प्रत्येक हवेला टुंग वाजतं. परवा मला म्हणाले, "माझ्या भावाने हे यंत्र नेमकं कुणासाठी पाठवलंय?"

आप्पा या पंधरवड्यात दोनदा पहाटे निघाले. दोन्ही वेळा मी उंबऱ्यावरच गाठलं. दादा रात्रपाळीला गॅरेजमध्ये असतात, त्यामुळे पहाटेची मी एकटीच. "आप्पा, अजून पाच वाजायचेत," म्हटलं, तर "मग ठीक आहे," म्हणून परत येऊन झोपले. भाऊजी, किती महिन्यांनी मी सलग पाच तास झोपले म्हणून सांगू! शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आलीय, चाळीस शर्ट, आणि एकाचंही काज चुकलेलं नाही.

उन्हाळ्याचं वाचलं. गेल्या उन्हाळ्याचंही वाचलं होतं.

वहिनी


१९ जानेवारी

भाऊजी,

इकडे थंडी फार आहे. दादांना खोकला आहे, आप्पांनाही जरा बरं नाही, त्यांचे पाय शेकत असते. बाकी ठीक.

एक विचारायचं होतं, सहजच. दार उघडलं आणि डबी वाजली नाही, असं होऊ शकतं का? एखाद्याच वेळी? तशी आता छान वाजतेय. पत्राला बसायच्या आधी चार वेळा दार उघडून बघितलं, चारही वेळा वाजली.

घाई नाही. पण कळवा.

वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

नाही. होऊ शकत नाही.

सेल मेला असता तर डबी कायमची गप्प बसली असती. एकदा गप्प आणि पुन्हा ठणठणीत, असं यंत्र करत नाही, माणसं करतात! तुमचा डोळा लागला असेल, दुसरं काय. दिवसभर मशीन चालवायचं, वर आप्पांचं सगळं करायचं, झोप लागणारच की. मोठ्या डबीच्या मागे एक चकती आहे, ती उजवीकडे फिरवा म्हणजे आवाज वाढेल. आणि मनाला लावून घेऊ नका.

आप्पांच्या पायांना काय झालं? वयाने असेल. गरम मोजे पाठवू का?

तुमचा धाकटा दीर


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या दोन्ही डब्या परत पाठवत आहे. चांगल्या आहेत, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील. सोबत एक फॉर्म आहे, त्यावर तुमची सही हवी. पण आधी पत्र वाचा.

मी तुम्हाला जानेवारीत अर्धंच लिहिलं होतं. त्याच महिन्याच्या बारा तारखेला पहाटे आप्पा घरातून निघून गेले. मला सहाला जाग आली ती पायांना गार वारा झोंबला म्हणून. दार सताड उघडं, अंथरूण गार, आणि चपला जागच्या जागी.

मी तशीच पळाले. दोन्ही रस्ते बघितले, बसथांबा बघितला, बाजाराचं मागचं आवार बघितलं. हाक मारायची तर कशी? हल्ली नावाने हाक मारली तर त्यांना कळत नाही, "व्हॉल्व्हमन" म्हटलं तर वळून बघतात. मग भर रस्त्यात मी "व्हॉल्व्हमन, ओ व्हॉल्व्हमन" म्हणून ओरडत सुटले. लोक खिडक्या उघडून बघत होते. एक बाई वरून म्हणाली, "आमच्याकडे येतंय पाणी." सातला दादा कामावरून आले, तेही सायकल काढून निघाले.

साडेनऊला पंपहाउसमधला शिपाई घरी आला. आप्पा तिथे होते. तीन किलोमीटर, अनवाणी, त्या थंडीत. हल्ली तिथे एक तरुण मुलगी ऑपरेटर आहे. तिला साडेपाचला ते फाटकाशी उभे दिसले, पाय निळे पडलेले. तिने त्यांना आत घेतलं, स्वतःचे मोजे काढून घातले, पोत्यात पाय गुंडाळून हीटरसमोर बसवलं. कोण, कुठले, काही कळेना. नऊला जुना शिपाई कामावर आला त्याने ओळखलं.

त्या मुलीने मला एक सांगितलं ते तुम्हालाही सांगते, निदान एवढं तरी चांगलं कळावं. ती दाबमापकाच्या काट्याकडे बघून वहीत "दाब पूर्ण" असं लिहीत होती. आप्पा पोत्यातून पाय न काढता म्हणाले, "बाई, नळ बंद असताना काटा बघून काय उपयोग? तेव्हा सगळेच काटे वर असतात. नळ सोडा, मग बघा." तिने म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं म्हणून व्हॉल्व्ह सोडला, तर काटा निम्म्यावर आला. उघडून बघितलं तर आतली जाळी गाळाने गच्च. चार दिवस एका गल्लीतून तक्रारी येत होत्या आणि कुणाला कारण सापडत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास बाहेर राहिले असते तर बोटं गेली असती. आता पाय बरे आहेत.

घरी आल्यावर दादांनी दार उघडून बघितलं. दहा वाजले होते, ऊन आलं होतं. टुंग. पुन्हा उघडलं. टुंग. पाच वेळा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वाजतंय की." एवढंच. रागावले असते तर मी भांडले असते.

मला आठवतच नाही भाऊजी, ती वाजली होती की नाही. मोठी डबी उशाशीच होती. ती वाजली आणि मी झोपले, एवढं एकच उत्तर उरलं होतं. तुम्हाला विचारलं, तुम्हीही तेच लिहिलंत.

तेव्हापासून दाराच्या कडीला नाडी बांधून तिचं दुसरं टोक घोट्याला बांधते आणि झोपते. झोपते कसली, पडून राहते. गेल्या आठवड्यात एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. दादा म्हणाले, "तुझ्याने होत नाही, यात तुझा दोष नाही," आणि हा फॉर्म घेऊन आले. वृद्धाश्रम चांगला आहे, मी जाऊन बघितला. स्वच्छ आहे, खिडक्या मोठ्या आहेत. अठ्ठावीस तारखेपर्यंत जागा राखून ठेवलीय, दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. पाचव्या ओळीत "घरी लक्ष ठेवण्यास समर्थ व्यक्ती" असं विचारलंय, तिथे दादांनी सुवाच्य अक्षरात "नाही" लिहिलंय.

सही करून पाठवा.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

हे कुरिअरने पाठवतोय म्हणजे अठ्ठावीसच्या आधी मिळेल. बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी एवढंच वाचा: डबी वाजलीच नव्हती. तुम्ही झोपला होतात म्हणून नव्हे. ती वाजलीच नव्हती.

आता सांगतो कसं ते. तुमचं पत्र आलं तेव्हाही डबी वाजली नसेल असं मला वाटत नव्हतं. डबी उघडली, सेलला मीटर लावला, दोन पूर्णांक नऊ व्होल्ट. कोरा सेल तीनचा असतो, म्हणजे हा जवळजवळ नवाच. टेबलावर पन्नास वेळा चुंबक लांब नेलं, पन्नास वेळा भोंगा वाजला. फॉर्म समोर होता. पेन हातात घेतलं होतं, हेही लपवत नाही.

सही करण्याआधी पत्र पुन्हा वाचलं, आणि आप्पांच्या वाक्याशी थांबलो. नळ बंद असताना काटा बघून काय उपयोग. वहिनी, मी तेच करत होतो. डबी निवांत बसलेली असताना सेल मोजत होतो. तेव्हा सगळेच सेल चांगले दिसतात.

मग डबी फ्रीजमध्ये ठेवली, तारा दाराच्या फटीतून बाहेर काढल्या, दोन तास गार होऊ दिली आणि निरोप पाठवायच्या नेमक्या क्षणी व्होल्टेज बघितलं. निरोप पाठवताना डबी एरवीच्या हजारो पट वीज ओढते, पापणी लवते तेवढाच वेळ. ऊन असताना बटन सेल तेवढी देतो. थंडीत नाही देऊ शकत. तीनाच्या जवळचं व्होल्टेज धाडकन दीडवर आलं. आतल्या चिपला जगायला एक पूर्णांक आठ तरी लागतात. ती तिथेच कोसळली. ओढ थांबली, व्होल्टेज पुन्हा वर, चिप पुन्हा जागी, अर्ध्या सेकंदात सगळा खेळ. पण जागी होऊन बघते तो दार उघडंच! तिला वाटतं ते आधीपासूनच उघडं होतं, सांगण्यासारखं काही नाही. आणि ती गप्प बसते. दहा वाजता ऊन येतं, दादा दार उघडतो, टुंग.

वीस वेळा करून बघितलं. फ्रीजमध्ये वीसपैकी अठरा वेळा गप्प.

आता जे लिहायला जड जातंय ते. या चिपमध्ये व्होल्टेजवर नजर ठेवणारा एक पहारेकरी मुळातच असतो. व्होल्टेज खाली आलं की तो चिपला नीट थांबवतो आणि का थांबवलं ते टिपून ठेवतो. तो जागा असता तर चिपला उठल्यावर कळलं असतं की आपण पडलो होतो, निरोप अर्धवट राहिलाय, पुन्हा पाठवायला हवा. पण तो पहारेकरी किंचित वीज खातो, सतत. मी तो बंद केला होता. मीच. सेल वर्षभराऐवजी दोन वर्षं जावा म्हणून, आणि तुम्हाला मी ते मिरवून सांगितलं. वर तुम्हालाच लिहिलं, यंत्र असं करत नाही, माणसं करतात. केलं माणसानेच होतं, फक्त ते माणूस तुम्ही नव्हतात.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी डबी मागवून बघायला हवी होती. मी पत्र लिहून मोकळा झालो. डबी पाठवून तर त्याच्याही आधी मोकळा झालो होतो.

फॉर्म परत पाठवतोय, सही न करता. पुढे काय करायचं ते आपण तिघं बसून ठरवू, कदाचित आश्रमच ठरेल, मला माहीत नाही. पण पाचव्या ओळीतला तो "नाही" खोटा आहे, आणि त्या कागदावर मी सही करणार नाही. हे पत्र दादाला वाचायला द्या. नाही, तुम्हीच त्याला मोठ्याने वाचून दाखवा.

तुमचा दीर


४ मार्च

भाऊजी,

पत्र कुरिअरवाल्याने दारातच दिलं आणि मी तिथेच, उंबऱ्यावर बसून वाचलं. पहिल्या तीन ओळी वाचल्या आणि पुढचं दिसेना. आत जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आप्पा आतून ओरडले, "पाणी वाया घालवू नका!" मग हसूच आलं.

दादांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग उठले, हवा खायला गेले, परत आले आणि म्हणाले, "चहा मी करतो." लग्नाला अठरा वर्षं झाली, पहिल्यांदा. साखर घालायची विसरले. मी पूर्ण कप प्यायले. नंतर त्यांनी तो फॉर्म घेतला, पाचव्या ओळीतलं खोडलं, आणि तो आता शिवणाच्या कापडाखाली कुठेतरी आहे. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल, मिळू दे.

त्या दिवशी संध्याकाळी सातला झोपले ती सकाळी सातला उठले. पहाटेला दादा घरी थांबले होते, रजा काढून.

आता तुमचं. मी रागावलेय. पहारेकरी बंद केलात त्याचा राग नाही, चूक कुणाचीही होते. "माणसं करतात" हे वाक्य मी वीस दिवस उराशी घेऊन हिंडले त्याचा आहे. आणि त्या दोन वर्षांचा आहे. कुणी मागितली होती तुमच्याकडे दोन वर्षं? दर महिन्याला सेल बदला म्हणाला असतात तर बदलला असता, दोन मिनिटांचं काम. मला विसरून जायचं नाहीये भाऊजी. थकली की स्वतःहून सांगेल अशी डबी मला करून द्या. आणि दिवसाउजेडी सांगू दे, मी जागी असताना.

मीही तुम्हाला वेळेवर खरं सांगितलं नाही. लाज वाटली. तुम्ही एवढी मेहनत करून पाठवलंत आणि मला साधं ऐकूही आलं नाही, असं वाटलं. तेवढी माझीही चूक धरा आणि आता विषय संपवा.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

नवी डबी तयार आहे. तुमच्या म्हणण्यासारखी. बटन सेल गेला, दोन पेन्सिल सेल आले, त्यामुळे ती साबणाच्या वडीएवढी झालीय, दिसायला काही खास नाही. निरोपाच्या क्षणी लागणारी वीज साठवायला आत एक छोटी टाकी घातलीय. पहारेकरी दिवसरात्र जागा. पहाटे साडेचारला, सगळ्यात थंड वेळी, डबी एक खोटा निरोप पाठवते आणि पाठवतानाच व्होल्टेज मोजते, म्हणजे नळ सोडून. कमी भरलं तर सकाळी आठ वाजता मोठी डबी तीनदा टिक टिक करेल. आणि पहाटेचा तो निरोप आलाच नाही, तर मोठी डबी स्वतःच बोंब मारेल.

फ्रीजमध्ये आणि फ्रीजरमध्ये मिळून चारशे वेळा तपासलीय. बायकोने भाज्या शेजाऱ्यांकडे ठेवल्यात. कारखान्यातल्या गोदामांच्या डब्यांमध्येही मी पहारेकरी बंदच ठेवला होता. ते साहेबांना सांगितलं. बोलणी खाल्ली, पण सगळ्या डब्या परत मागवायचं ठरलं.

ही टपालाने पाठवत नाही. घेऊन येतोय, शनिवारच्या बसने. बारा दिवस. पहाटेची माझी, तुम्ही झोपायचं.

तुमचा दीर


१९ डिसेंबर

भाऊजी,

तुम्ही गेल्यापासून पत्रं दोघांचीही आखूड झालीत, पण हे जरा लांबेल.

सोमवारी सकाळी आठला टिक टिक टिक झालं. मला आधी वाटलं मशीनची सुई अडकली. मग लक्षात आलं. सेल बदलले. दादा म्हणाले, "अगं, चांगले आहेत, कशाला टाकतेस," आणि ते काढलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले. घड्याळ अजून चालतंय. मी म्हटलं, घड्याळाला काय लागतं? त्यांना नळ सोडायचं वगैरे सगळं समजावलं. ते म्हणाले, "आता तूच लाग त्याच्या कारखान्यात."

काल गुरुवारी, पाचला दहा कमी असताना, टुंग. बाहेर इतकी थंडी की सायकलच्या हँडलवर पांढरं साचलं होतं. मी उठले, तर आप्पा दुसऱ्या पायरीवर. चपला घातलेल्या, फक्त डावी उजव्या पायात.

"कुठे निघालात आप्पा?"

"पाणी सोडायला. उशीर झालाय."

पाच वाजायचेत म्हणून परत नेता आलं असतं. पण झोप पुरी झाली होती, अंगात ताकद होती, आणि मनात आलं, चला. "थांबा," म्हटलं, "मी पण येते." चपला सरळ केल्या, त्यांना कोट घातला, मला शाल घेतली. दादा वाटेतच भेटले, कामावरून लवकर सुटले होते. काही न विचारता त्यांनी आप्पांना सायकलच्या मागे बसवलं आणि आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी धरून चालत गेलो.

ऑपरेटर मुलगी ओळखीची झालीच आहे. "या साहेब," म्हणाली. चाक जड आहे, ते तिने आणि दादांनी मिळून फिरवलं. आप्पा शेजारी उभे राहून फेरे मोजत होते. अठरा फेरे, एकही चुकला नाही. मग काट्यासमोर उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चांगलाय."

घरी आलो तेव्हा उजाडलं होतं. मी मोरीतला नळ सोडला. पाणी जोरात आलं. आप्पा माझ्या मागे येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, पण कोण ते काही ओळखू आलं नसावं. फार अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही याच गल्लीतल्या ना? येतंय का पाणी?"

"येतंय," म्हटलं, "भरपूर येतंय."

"मग भरून घ्या," म्हणाले, आणि जाऊन झोपले.

मी सगळी भांडी भरून घेतली.

वहिनी